उभ्या पायाचं माप

उस्तादच्या घरात कारखान्यातले बूट शिरले ते एका मंगळवारी, आणि शिरले ते थेट त्याच्या बायकोच्या पायातून. राखाडी, जाड तळाचे, नाडीचे, पुढून बेडकाच्या तोंडासारखे पसरट. उस्ताद दुकानाच्या दारात बसून मेण लावलेला दोरा सुईत ओवत होता. त्याने आधी बूट पाहिले आणि मग ते कोणाच्या पायात आहेत ते पाहिलं. धंद्याची सवयच तशी.

"हे काय?"

"बूट," बायको म्हणाली.

"ते दिसतंय. कोणाचे?"

"माझे. विकत घेतले." आणि ती दुकानातून मागच्या खोलीत निघून गेली. आज ती लंगडत नव्हती हे उस्तादच्या लक्षात आलं, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

आता यात रागावण्यासारखं काय, असं कोणी विचारेल. विचारणाऱ्याच्या घरी हाताने बूट शिवणारा माणूस नसणार. उस्तादचा बाप बूट शिवायचा, बापानंतर उस्ताद शिवू लागला. आजूबाजूला काचेच्या कपाटांची मोठमोठी दुकानं झाली, तरी ज्यांचे पाय तयार मापात मावत नाहीत अशी माणसं अजून त्याच्याकडेच यायची. मागच्या भिंतीवर खिळ्यांना लाकडी फर्मे टांगलेले होते. फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडात कोरलेला साचा. त्याच्यावर चामडं ताणायचं आणि बूट शिवायचा. फर्मा एकदा कोरला की जन्माचा. पाय मात्र जन्मभर तसाच राहत नाही. कोणाच्या अंगठ्याचं हाड वाढतं, कोणाचं पाऊल सुजून राहतं. मग उस्ताद फर्म्यावर त्या जागी चामड्याचा तुकडा चिकटवायचा आणि रापीच्या पात्याने तासून बेमालूम करायचा. भिंतीवरचे सगळे जुने फर्मे असे ठिगळांचे होते. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांच्या फर्म्यावर तर सात ठिगळं होती. चहाच्या वेळी येऊन बसले की मास्तर ती मोजायचे आणि म्हणायचे, "उस्ताद, माझं आत्मचरित्र तुमच्या भिंतीवर टांगलंय."

एकाच जोडीवर ठिगळ नव्हतं. ती उस्तादच्या बैठकीच्या बरोबर वर असायची, हात उंचावला की लागेल अशी. बायकोच्या पायाचे फर्मे.

त्यांची एक गोष्ट होती आणि ती उस्ताद ऐकवायला कधी कंटाळत नसे. चोवीस वर्षांपूर्वी नर्सिंग शिकणारी एक मुलगी ड्यूटीसाठी पांढरे बूट हवेत म्हणून दुकानात आली. बारा तास उभी राहून थेट तिथेच आलेली. उस्तादच्या बापाचा नियम कडक होता: माप घ्यायचं ते उभ्या माणसाचं. गिऱ्हाइकाला जमिनीवर, कागदावर उभं करायचं, दोन्ही पायांवर सारखा भार टाकायला लावायचा, आणि मगच पेन्सिल फिरवायची. पण त्या मुलीचं दमलेलं तोंड बघून उस्ताद म्हणाला, "बसा, बसूनच घेतो." तिला स्टुलावर बसवलं, पाय मांडीवर घेतला. मापाला पाच मिनिटं लागतात. उस्तादने पाऊण तास लावला. बाप आतल्या खोलीतून दोनदा खोकला, तिसऱ्यांदा मुद्दाम भांडं पाडलं. वर्षभरात लग्न झालं.

"आणि तेव्हापासून एक ठिगळ नाही!" उस्ताद फर्म्यावरून अंगठा फिरवत म्हणायचा. "काय कमान आहे बघा. हिचा पाय म्हणजे पाय आहे. आणि चालणं इतकं हलकं, की माझ्या हातचा जोड तीन-तीन वर्षं जातो, तळ झिजत नाही."

बायको चहाचे कप उचलत असायची.

तिचा पाय दुखायला लागला त्याला सहा महिने झाले होते. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. भिंत धरून दहा पावलं टाकली की जरा सैल पडायचं, आणि दुपारी पुन्हा तेच. तिने उस्तादला सांगितलं, तेव्हा त्याने मोठ्या मायेने नवा जोड करायला घेतला. सर्वांत मऊ चामडं काढलं, वरचे फर्मे उतरवले, चार दिवस दुसऱ्या कामाला हात लावला नाही. बायकोने बूट घातले आणि म्हणाली, "छान झालेत." दुखणं वाढतच गेलं.

ती आता प्रसूतीच्या वॉर्डाची प्रमुख होती. हजारो बाळं तिच्या हातांवर जगात आली होती. वॉर्ड म्हणजे तिचा जीव की प्राण. पण तिथे खुर्चीला काम नसतं. बाई अडलेली असताना सिस्टरने बसून कसं चालेल? एक दिवस मोठ्या सिस्टरनी, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या वर असलेल्या बाईंनी, तिला बोलावून सांगितलं, "महिनाभर बघते. पाय सुधारले तर ठीक, नाहीतर तुम्हाला रेकॉर्ड रूममध्ये देते. बसून काम आहे." बायको घरी येऊन त्या दिवशी जेवली नाही. रेकॉर्ड रूममध्ये कागद होते, बाळं नव्हती.

मग हाडांच्या डॉक्टरांनी तिला तळघरातल्या खोलीत पाठवलं. तिथे एक माणूस कंबरेचे पट्टे, कुबड्या आणि बुटात घालायचे आधार बनवायचा. हॉस्पिटलमध्ये सगळे त्याला पायवाला म्हणत.

"पायवाला!" उस्ताद म्हणाला. "आणि मी काय इतकी वर्षं हातमोजे शिवतोय?"

बायकोने राखाडी बुटातून आधार काढून दाखवला. कडक, आतून फुगीर, टाचेशी वाटीसारखा खोलगट, वरून निळं कापड. "कमान खचलीय माझी. तळव्याच्या शिरेला सूज आहे. हा खालून उचलून धरतो. तुमच्या बुटात घालून पाहिला, पण त्यात जागाच नाही. पायवाले म्हणाले, रुंद आणि मागून घट्ट असलेले बूट लागतील."

"त्याने तुझा पाय हातात घेतला?"

"मग काय फोनवर माप घेणार? फोमची पेटी ठेवली जमिनीवर, म्हणाले, उभ्या राहा आणि दाबा. ओल्या मातीत उमटतो तसा पाय उमटला." ती थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. "मग बघत राहिले. म्हणाले, सिस्टर, या पायांनी फार सोसलंय."

उस्तादच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. या माणसाला काय अधिकार? मग तो आठवून पाहू लागला, की आपण स्वतः या पायांबद्दल काय काय बोललो. देखणे म्हणालो होतो. कितीदा तरी म्हणालो होतो. सोसलंय, असं काही तोंडातून कधी गेलं नव्हतं. हे आठवल्यावर आग कमी व्हायच्या ऐवजी आणखी भडकली.

त्या दिवसापासून घरात 'पायवाले म्हणाले' सुरू झालं. पायवाले म्हणाले, उठल्या उठल्या पाय जमिनीवर टेकवायचा नाही, आधी बोटं ओढून ताण द्यायचा. पायवाले म्हणाले, गार पाण्याची बाटली तळव्याखाली लाटायची. पायवाले म्हणाले, घरातही अनवाणी चालायचं नाही. बायको पलंगाच्या कडेला बसून बाटली लाटायची आणि उस्ताद तिच्याकडे पाठ करून दाढी करायचा. पाठ करून बसलं तरी बाटलीचा आवाज ऐकू यायचाच.

"उस्ताद, कोणीतरी तुमचं गिऱ्हाईक पळवलं म्हणे," मास्तर चहा पिता पिता म्हणाले.

"गिऱ्हाईक नाही ते. बायको आहे."

"तेच म्हणतोय मी," मास्तर म्हणाले, आणि उस्तादने त्यांचा कप अर्धा असतानाच उचलून नेला.

पुढच्या आठवड्यात बायको जेवणाचा डबा विसरून गेली. उस्तादला निमित्त हवंच होतं. त्याने डबा उचलला आणि हॉस्पिटल गाठलं. वॉर्डात ती नव्हती. खाली गेलीय म्हणाले. तळघराच्या त्या खोलीचं दार उघडं होतं. आत बायको उभी होती, आणि तिच्या पायाशी एक माणूस गुडघ्यांवर बसला होता. टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर, बोटांना वाळलेला डिंक. तो तिची टाच निरखत होता, आणि तोल जाऊ नये म्हणून बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्यात वावगं काही नव्हतं. गिऱ्हाइकं उस्तादच्याही खांद्यावर असाच हात ठेवायची, आणि ते त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? तरी त्याचं पाऊल उंबऱ्यावरच अडलं. बायको काहीतरी बोलली, तो माणूस हसला, तीही हसली.

उस्ताद तसाच परतला. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून त्याने तो डबा स्वतःच खाऊन टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी बायको बहिणीकडे गेली ती सपातांवर. राखाडी बूट दाराशी होते. उस्तादने ते दुकानात आणले, आधार बाहेर काढले आणि दिव्याखाली धरले. प्लॅस्टिक! बाराशे वेळा वाकलं की चिरणार. हेच आपण चामड्यात आणि बुचाच्या पट्टीत केलं तर? त्याच्या शंभर पट चांगलं होईल. तिला काही सांगायचं नाही. गुपचूप बदलायचे. ती चालेल, घरी येऊन म्हणेल, "आज पाय किती हलके आहेत हो," आणि मग आपण खण उघडून त्या माणसाचं प्लॅस्टिक समोर टाकायचं. उस्तादने हे दृश्य दोन-तीनदा मनात रंगवलं. दर वेळी बायको जास्त हसत होती.

त्याने वरचे फर्मे उतरवले आणि आधार त्यांच्या तळाला लावून पाहिला. बसेना. फर्म्याची कमान उंच आणि पुढे. आधाराचा फुगवटा बसका आणि मागे. उस्ताद एकटाच मोठ्याने हसला. "याला पायातलं ओ की ठो कळत नाही! कमान कुठे, आणि यानं आधार कुठे दिलाय!"

दिवसभर तो राबला. बूच तासलं, चामडं भिजवून फर्म्याच्या तळावर ओढलं, कडा रापीने इतकी पातळ केली की बोटाला सांधा लागू नये. वर तेच निळं कापड चिकटवलं. इतकं सुबक काम त्याच्या हातून वर्षभरात झालं नव्हतं. पायवाल्याचे आधार त्याने खणात, मेणाच्या गोळ्याखाली सारले.

सोमवारी संध्याकाळी त्याने विचारलं, "पाय कसे आहेत?"

"बरे आहेत," बायको म्हणाली, पण बसली ती धपकन.

मंगळवारी ती पुन्हा भिंत धरून चालली. नवं चामडं चार दिवस चावतंच, असं उस्ताद प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. तेच त्याने स्वतःला सांगितलं. बुधवारी ती म्हणाली, "पायवाल्यांचं काहीतरी चुकलंय. आधी बरं वाटत होतं, आता पाय टेकवत नाही."

खोटं कशाला बोला, उस्तादच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिचे पाय दुखतायत म्हणून नव्हे. पायवाला चुकला म्हणून. या दोन गोष्टी एकच आहेत हे त्याला कळत होतं, पण ते त्याने कळून घेतलं नाही. त्याने पाणी गरम केलं, परातीत मीठ टाकलं आणि तिचे पाय स्वतःच्या हातांनी शेकले. बायको त्याच्याकडे पाहत राहिली. "आज काय विशेष?"

"काही नाही. आपलं माणूस ते आपलं माणूस."

गुरुवारी ती दुपारीच घरी आली, हॉस्पिटलच्या रबरी सपाता घालून, आणि स्टुलावर बसून रडली. रडणारी बाई नव्हती ती.

"बाळाचं डोकं दिसत होतं," ती म्हणाली. "मी म्हणतेय, जोर लाव, जोर लाव, आणि माझाच पाय खालून गेला. भिंत धरली मी. बाळाला धरायचं सोडून भिंत धरली. धाकट्या सिस्टरने सांभाळलं म्हणून. आणि दारात मोठ्या सिस्टर उभ्या. सोमवारपासून रेकॉर्ड रूम." तिने डोळे पुसले. "बूट टाकून आले पायवाल्यांकडे. म्हटलं, बघा काय केलंत ते."

उस्तादच्या पायाखालची वाळू सरकली. आदल्या संध्याकाळीच आधार परत बदलून टाकायचे असं त्याने ठरवलं होतं. मग वाटलं, राहू दे एक दिवस आणखी. तो एक दिवस असा अंगावर आला.

शुक्रवारी बायको आत पडून होती आणि पायवाला दुकानात आला. चोराच्या मनात चांदणं. उस्तादने ऐरणीवरचा बूट सोडला नाही, मान वर केली नाही. पायवाल्याने पिशवीतून चामड्याचे आधार काढून त्याच्यासमोर ठेवले.

"काका," तो म्हणाला. काका! जेमतेम दहा वर्षांचं अंतर असेल. "काम फार सुरेख आहे. कडा मला बोटाला लागली नाही. मी जन्मात अशी कडा काढू शकणार नाही. फक्त एक विचारायचं होतं. हा पाय कोणाचा?"

"माझ्या बायकोचा."

"नाही काका. सिस्टरांचा पाय मी पाहिलाय."

"पाहिलायस ते माहीत आहे मला!" उस्ताद ओरडला, आणि आतल्या दाराकडे बघून त्याने आवाज खाली आणला.

पायवाला चिडला नाही. त्याने पिशवीतून एक कागद काढला. त्यावर शाईत उमटलेली दोन पावलं होती, रुंद, पसरलेली. जिथे कमानीची मोकळी जागा दिसायला हवी तिथेही शाई होती. उस्तादने कागद दिव्याखाली ओढला. मग उठून त्याने डोक्यावर टांगलेला फर्मा काढला आणि त्या ठशावर ठेवला. दोन्ही कडांना अर्धं बोट पाय बाहेर राहिला.

"फर्मा देखणा आहे," पायवाला म्हणाला. "पण हा पाय कधी जमिनीवर उभा राहिलेला दिसत नाही."

बापाने त्या दिवशी भांडं का पाडलं होतं ते उस्तादला आज समजलं. मास्तरांच्या सात ठिगळांसाठी त्याने त्यांना सातदा कागदावर उभं केलं होतं. बेकरीवाल्याला तीनदा, पोस्टातल्या बाईला पाचदा. बायकोला एकदाही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, आणि इथे तर दिवा बरोबर डोक्यावर टांगलेला होता.

त्याने खण उघडला, मेणाच्या गोळ्याखालून प्लॅस्टिकचे आधार काढले आणि पायवाल्याच्या हातात दिले.

"सिस्टरांना मी काही बोललो नाही," पायवाला म्हणाला. "बघतो, एवढंच म्हटलं. मोठ्या सिस्टरांना मात्र सांगावं लागेल, आधारातच चूक होती म्हणून, नाहीतर बदली थांबणार नाही. माझी चूक झाली असं सांगतो. माझं काय जातं?"

माणूस वाईट निघाला असता तर किती बरं झालं असतं, असं उस्तादला वाटलं. आता याच्या चांगुलपणाचाही हेवा करावा लागणार होता.

"नको," तो म्हणाला. "मी सांगतो."

सांगितलं ते बायकोला आधी. पायवाला गेल्यावर तो आत गेला, पलंगाजवळ उभा राहिला आणि सगळं बोलून टाकलं: डबा, तळघर, खांद्यावरचा हात, हेवा, रविवार, खण. बायको उठून बसली. त्याला वाटलं होतं ती ओरडेल. तिने फक्त विचारलं, "मी पडले असते तर? बाळ हातात असताना?"

उस्तादने पलंगाखालच्या सपाता तिच्या पुढ्यात सरकवल्या.

"हेवा वाटला म्हणता. कोणाचा? त्या टकल्या बिचाऱ्याचा?" ती पलंगावरून उतरली, सपातांमध्ये पाय सारले, हळूहळू दुकानात गेली आणि फर्म्यांची जोडी उचलून घेऊन आली. "हेवा काय असतो ते मला विचारा. ही बया चोवीस वर्षं तुमच्या डोक्यावर बसलीय. येईल त्याला दाखवता. काय कमान, काय पाय! अंगठा फिरवता तिच्यावरून. आणि मी तिथेच कप उचलत असते, घोटे सुजलेले. माझ्याकडे कधी खाली बघितलंत?"

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? तुमचे बूट मला होत नाहीत असं? दहा-अकरा वर्षं झाली. घरातून घालून जाते आणि लॉकरमध्ये ठेवते. दिवसभर रबरी सपाता. संध्याकाळी परत घालून येते." तिने नाक ओढलं. "म्हणून झिजत नाहीत तुमचे तळ. तुम्ही जगाला सांगत सुटलात, हिचं चालणं किती हलकं."

त्या सपाट रबरानेच पायाची उरलीसुरली वाट लागली असणार, हे उस्तादला कोणी सांगायची गरज नव्हती. तो बूट शिवत होता चोवीस वर्षांपूर्वीच्या त्या पोरीसाठी, आणि बायको अनवाणी असल्यासारखीच हिंडत होती.

"उद्या माझ्याबरोबर यायचं," बायको म्हणाली. "मोठ्या सिस्टरांना स्वतः सांगायचं."

"सांगतो."

"पायवाल्यांच्या समोर."

हे उस्तादला जड गेलं. "सांगतो," तो म्हणाला.

शनिवारी त्याने सांगितलं. मोठ्या सिस्टरांनी चष्म्यावरून त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं आणि बायकोला म्हणाल्या, "आणखी एक महिना देते. आणि यांना माझ्या वॉर्डाच्या आसपास फिरकू देऊ नका." पायवाला खिडकीबाहेर बघत राहिला. परत निघताना उस्तादने त्याला एकच विचारलं, तेही जमिनीकडे बघून: आधार घालून मावेल असा बूट करायचा तर आत किती जागा सोडायची? पायवाल्याने अंगठा आणि तर्जनीत अंतर धरून दाखवलं. उस्तादने खिशातून दोरी काढून तेवढ्यावर गाठ मारली. त्याचा हेवा गेला होता असं म्हणणं खोटं ठरेल. पण गाठ त्याने बरोबर मारली.

घरी आल्यावर त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं, जमीन झाडली आणि नवा कागद अंथरला. फर्म्यांची जागा भिंतीवर रिकामी होती. ते बायकोने कुठे ठेवले ते त्याने विचारलं नाही. ती आली तेव्हा सवयीने त्याचा हात स्टुलाकडे गेला. बायकोने पायानेच ते स्टूल बाजूला सरकवलं.

ती कागदावर उभी राहिली. उस्ताद गुडघ्यांवर बसला. तोल सांभाळायला तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या जवळून त्याने ते पाय प्रथमच उभे पाहिले: बाहेर झुकलेले अंगठे, निळ्या शिरा, टाचेच्या भेगा, आणि आत जमिनीला टेकलेली कमान. त्याने पेन्सिल टाचेशी टेकवली.

"भार टाक," तो म्हणाला. "दोन्ही पायांवर सारखा."

"टाकलेलाच आहे," बायको म्हणाली. "तुम्ही पेन्सिल फिरवा."